जावयानं गाडी चालवायची नसते

संभाजीनगरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या सांगलीत लोक विचारतात, वेरूळ पाहिलं का? पाहिलं. म्हणजे लेण्यांच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून मी एका चाकाचे नट सोडवत होतो, तिथून वेरूळची पाटी अगदी स्वच्छ दिसत होती. दौलताबाद? त्याच्या वेशीतून दोनदा गेलो, त्यातल्या एकदा डोळे मिटून. मकबरा राहिला. बाकी जे काही पाहिलं ते एका जपानी कंपनीच्या जुन्या गाडीच्या डाव्या सीटवरून, दारावरच्या कडीला घट्ट धरून पाहिलं. आणि त्या कंपनीचं कौतुक इतकं ऐकलं, की आता रस्त्यात तिची गाडी दिसली तरी मी दुसरीकडे बघतो.

गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मूळचे कन्नड तालुक्यातले, घरची शेती. नोकरी मात्र वाळूजच्या एका कारखान्यात केली, फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि आता सासूबाई आणि ते दोघंच पुंडलिकनगरात राहतात. मुलगा परदेशी, मुलगी म्हणजे माझी बायको मनीषा. पण आप्पांचं खरं अपत्य ही गाडी. चौकोनी, लांबडी, आठ माणसांची; आप्पांच्या हिशेबाने चौदांची. कंपनीनं हे मॉडेल ऐन भरात असताना बंद केलं, त्याला बरीच वर्षं झाली. आप्पा अजून त्या कंपनीवर रुसलेले आहेत. "चालती गाडी बंद केली! कुणी करतं का असं?" हे वाक्य मी माझ्या लग्नापासून ऐकतोय.

आता आप्पांना काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, त्यातही डावी बाजू जवळजवळ गेलेली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावून सांगितलं. आप्पांनी मान हलवली आणि दवाखान्यातून गाडी चालवत घरी आले. मनीषा फोनवर रडली, भांडली, अबोला धरून पाहिला. शेवटी तिनं मला शाळेतून रजा काढायला लावली. मी भूगोल शिकवतो.

"मीच का?" मी विचारलं.

"आमच्या घरात जावयानं मागितलं आणि सासऱ्यानं नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही," ती म्हणाली. "किल्ली मागा. घेतल्याशिवाय येऊ नका."

बसस्थानक ते पुंडलिकनगर

मी रिक्षाने घरी येतो असं तीनतीनदा सांगितलं होतं. बसमधून उतरतो तर समोर आप्पा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि मागे ती गाडी, धुवून पुसून लखलखीत.

"या जावईबापू. लई उशीर केला तुमच्या बशीनं. कोणत्या कंपनीची हाये?"

मी बॅग मागे टाकली आणि सरळ ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो. "आप्पा, तुम्ही बसा आरामात. मी घेतो चालवायला."

आप्पा खरोखर दुखावले. "जावयानं गाडी चालवायची? लोक काय म्हणतील मला? बसा तिकडं." त्या बाजूला अंधार होता, मी कसंबसं दार ओढून आत बसलो.

आमच्याकडे जावयाचं कौतुक पहिल्या दिवाळसणापुरतं असतं. पुढच्या वर्षी त्याला सिलिंडर उचलायला लावतात आणि त्यात कुणालाच काही वाटत नाही. इथं लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला की सासूबाई धावत येतात. म्हणजे माझी पंचाईत अशी होती, की जावई म्हणून किल्ली मागायचा हक्क मला होता, आणि जावई म्हणूनच ती किल्ली हातात धरायला बंदी होती. मनीषानं हा भाग मला सांगितला नव्हता.

क्रांती चौकात सिग्नल सुटला आणि आप्पांनी गाडी डावीकडे ओढली. डावीकडे एक स्कूटरवाला होता. मी ओरडलो, तोही ओरडला, स्कूटर फुटपाथला टेकली. "ओ चाचा! किधर घुसारे? दिखता नै क्या?"

आप्पा शांत. "आला असंल मागून," ते म्हणाले. "पण ब्रेक बघितला का? इतकी वर्षं झाली, अजून आवाज नाय करत. ह्याला म्हणतात कंपनी."

घरी पोचल्यावर त्यांनी गाडी डावीकडून भिंतीला अगदी खेटून लावली. मला उतरता येईना, मी गिअर ओलांडून त्यांच्या बाजूने बाहेर आलो. ते आत गेल्यावर मोबाइलचा दिवा लावून मी भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत पाहिलं. गाडीची उजवी बाजू आरशासारखी होती. डावी बाजू चेंदामेंदा. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडे, त्यात निळा, लाल, पिवळा असा इतर गाड्यांचा रंग लागलेला. माझं डोकंच तापलं. एवढं सगळं झालं, आणि या घरात चर्चा कंपनीच्या ब्रेकची चालते?

जेवायला येसर आमटी होती, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा. आमटी अशी, की मी भांडण विसरून दोनदा घेतली. मग माझं लक्ष आप्पांच्या ताटाकडे गेलं. ठेचा, मीठ, लोणचं, सगळं उजवीकडे वाढलेलं. माझ्या ताटात मात्र रीतसर डावीकडे. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. आप्पा हात धुवायला गेल्यावर हळूच म्हणाल्या, "डावीकडं वाढलं तर त्यांला दिसंना. चटणी वाढली नाय म्हणून माझ्यावर वरडायचे. मग मी इकडं वाढाय लागले. तव्हापासून घरात भांडण नाय."

"आणि तुम्ही त्यांच्या गाडीत बसता?"

"मागं बसते. डोळे मिटून."

सकाळी आंघोळीला त्यांनी मला नवाकोरा टॉवेल दिला. कपाटात टॉवेलांची चळतच्या चळत होती. मी विचारलं तर आप्पांचा चेहरा फुलला. "ते सगळे मानाचे. कन्नडकडं नवरदेवाची गाडी जो आणतो त्या ड्रायव्हरला टॉवेल-नारळ द्यायची रीत हाये. भावकीतले सगळे नवरदेव मीच नेले ह्या गाडीत. फोरमन म्हणून मला कुणी कव्हा नारळ नाय दिला. ड्रायव्हर म्हणून दिला."

त्या टॉवेलनं अंग पुसताना मला किल्ली मागायचा धीर होईना, म्हणून मी आणखी चिडलो.

रफीकभाईंचं गॅरेज

दुसऱ्या दिवशी मी ठरवून तोंड उघडलं. "आप्पा, मला तुमच्याकडे एक मागायचंय."

"घोंगडी?" आप्पा एकदम उठले. "मला वाटलंच. सांगलीला थंडी पडली असंल." घोंगडी आली. दुपारी पुन्हा सुरुवात केली तर ज्वारीचं अर्धं पोतं माझ्या बॅगेशेजारी येऊन बसलं. संध्याकाळी मी नुसतं "आप्पा" म्हटलं तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढायला घेतलं. हा माणूस मला आयुष्यातलं सगळं द्यायला तयार होता, त्या एका वस्तूपाशी मला पोचू देत नव्हता. आणि तो हे सगळं समजूनउमजून करतोय, याबद्दल माझ्या मनात आता शंका राहिली नव्हती.

मग तेच म्हणाले, चला, तुमाला गॅरेज दाखवतो. क्रांती चौकापासून आत एका बोळात रफीकभाईंचं गॅरेज आहे. मला वाटलं, हा माणूस मेकॅनिक आहे, चार समजुतीच्या गोष्टी सांगेल. आप्पा चहा सांगायला गेले तेव्हा मी रफीकभाईंना बाजूला घेतलं. "आप्पांना सांगा ना, गाडी आता थकली, इंजिनचा भरवसा नाही. तुमचं ऐकतील ते."

रफीकभाईंनी कानाला हात लावले. "तौबा! गाडी के बारे में झूट बोलूं? साब, चाचा की आँखों का जो बोलना है बोलो. गाडी को नक्को बोलो. इसके इंजन को मैं आज तक खोल्या नै. इसके भरोसे बैठता तो मेरे बच्चे भूके मरते."

"आँखों का तुम्हीच बोला मग."

"मैं? वो मेरे से बडे हैं," रफीकभाई म्हणाले आणि एका स्कूटरच्या पोटात तोंड खुपसून बसले.

चहा आला, आणि त्याबरोबर इतिहास. आप्पा बशीत चहा ओतत सांगू लागले. पूर्वी त्यांच्या कारखान्यात एक जपानी साहेब शिकवायला आला होता, त्यानं हे सगळं सांगितलेलं. जपानात एक सुताराचा मुलगा होता. त्याची आई मागावर बसून राबायची. ते बघून त्यानं सुधारलेले माग बनवले. पुढे असा माग केला, की एक धागा जरी तुटला तरी माग आपला आपण थांबायचा.

"का थांबायचा, सांगा," आप्पांनी मला विचारलं, जसं काही मी सातवीत होतो.

"धागा तुटला म्हणून."

"धागा तुटून बी माग चालला तर पुढचं सगळं कापड नासतं. म्हणून आधी थांबायचं. त्या मागाच्या पैशावर त्याच्या पोरानं गाड्या काढल्या. अमेरिकेत पहिली गाडी नेली तर ती तिथल्या रस्त्यावर धापा टाकाय लागली. परत आणली, पुन्यांदा केली. आज बघा, वाळवंटात जा, बर्फात जा, हीच गाडी. अन त्यांच्या कारखान्यात अजून तीच रीत हाये. डोक्यावर दोरी असती. कुणालाबी, अगदी कालच्या पोराला बी, कायतरी चुकायलंय असं दिसलं, की त्यानं दोरी वडायची. सगळी लाईन बंद. अन साहेब येऊन वरडत नाय. थँक्यू म्हणतो."

"छान आहे," मी म्हणालो. खरंच छान होतं.

"आमी बी लावली व्हती दोरी वाळूजला. त्या जपान्यानं लावून घेतली."

"मग?"

"मग काय! कुणी वडायची? वडली की सगळे म्हणणार, ह्याला काम जमंना. मी एवढी नोकरी केली, एकदा बी वडली नाय." हे ते अभिमानाने सांगत होते. "पुढं तिच्यावर पोरं हातपुसणी वाळत घालायचे."

मी कप खाली ठेवला. आता बोलायलाच हवं होतं. "आप्पा, कंपनीचं राहू द्या. गाडीबद्दल..."

"व्हय, तेच सांगायलोय. आता ती कंपनी आपल्या बिडकीनला कारखाना टाकायलीय. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! इतक्या वर्षांनी ती माझ्या दारात यायलीय, अन मी गाडी काढून टाकू व्हय?" ते माझ्याकडे पाहून हसले. "उद्या कन्नडला जाऊ. नानाकडं हुरडा निघालाय. तिथून आल्यावर मागा काय मागायचंय ते."

कन्नडच्या वाटेवर

सासूबाई आल्या नाहीत, पाणी येण्याचा दिवस होता. पुंडलिकनगरात पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणापेक्षा मोठा, त्या दिवशी कुणी घर सोडत नाही. फाटकाशी उभ्या राहून त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मीच आजारी असावा. गाडी वळताना पाहिलं, तर त्या कुणाला तरी फोन लावत होत्या.

दौलताबादजवळ जुना रस्ता किल्ल्याच्या दगडी वेशीतून जातो. एका वेळी एकच गाडी मावते. नव्या रस्त्यानं जाऊ म्हणून मी विनवलं, पण आप्पांना जावयाला किल्ला दाखवायचा होता. मी किल्ला पाहिला नाही. डावीकडची काळी भिंत माझ्या कानाकडे येताना पाहिली आणि डोळे मिटले. काहीतरी खाडकन वाजलं. डोळे उघडले तर डावा आरसा दुमडून काचेला चिकटलेला.

"दुमडतो बघा," आप्पा म्हणाले. "कंपनीनं आधीच इचार करून ठेवलाय."

वेरूळच्या अलीकडे चाक बसलं. तेही डावं, पुढचं. आप्पांनी खडीवर घातलं होतं. मी मागचं दार उघडून स्टेपनी शोधायला लागलो. स्टेपनी नव्हती.

"नानाकडं हाये. कडब्याच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलीय."

"आणि जॅक?"

"जॅक घरी. पाण्याच्या टाकीखाली लावलाय, टाकी कलंडायची."

"आप्पा, स्टेपनीशिवाय गाडी बाहेर काढतं का कुणी?"

"ह्या कंपनीच्या गाडीला लागतच नाय स्टेपनी," आप्पा त्या बसलेल्या चाकाशेजारी उभं राहून म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी हात जोडले. वेरूळकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याकडून जॅक मिळाला, चाक मी काढलं, टेम्पोवाल्यानंच ते पंक्चरवाल्याकडे नेऊन आणलं. सहलीची मुलं बसमधून मला बघून हात हलवत होती. गाडी धुळीत तिरकी उभी, आणि आप्पा टेम्पोवाल्याला सांगताहेत, तुझी गाडी विक अन ह्या कंपनीची घे.

कडब्यावरची स्टेपनी

नाना म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. कन्नडच्या अलीकडे आत एका वस्तीवर राहतात. हुरड्याबद्दल वाईट बोलायला मला जागाच नाही. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, वर तिळाची चटणी आणि गूळ. आमच्याकडे हुरडा आता तिकीट काढून खायला मिळतो, झोपाळा आणि सेल्फीसकट. इथं फक्त धूर होता, आणि नानांच्या सुना ताटलीत भरभरून टाकत होत्या. कडब्याच्या गंजीवर खरोखरच स्टेपनी होती, आणि तिच्यावर एक मांजर झोपलं होतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली होती. आम्ही आलो तेव्हा वस्तीचा रस्ता ओस होता. एवढ्या घरांची पोरं, एकही बाहेर नाही. गाडी बंद झाल्यावर सगळी दारादारांतून भसाभस बाहेर पडली. आप्पा बांधावर गहू बघायला गेले तेव्हा मी नानांना विचारलं.

नाना कणीस चोळत राहिले. "वहिनीचा फोन येतो ना. दादा निघाले म्हणून. मग आमी पोरं आत घेतो, कोंबड्या झाकतो. म्हाताऱ्यांला बी वट्यावर बसवतो."

"कधीपासून?"

"झालं की वरीस."

"अहो, मग त्यांना सांगत का नाही?"

"कोण सांगणार दादाला?" नाना मलाच म्हणाले. "तुमी जावई. तुमी मागितलं तर देतील. आमी वाट बघायलोत तुमची."

माझा संताप अनावर झाला. सासूबाई ताट उलटं वाढतात, रफीकभाई स्कूटरमध्ये तोंड घालतात, अख्खी वस्ती पोरं घरात कोंडते, आणि सगळे मिळून एका माणसाला बरं वाटावं म्हणून झटताहेत. कुणाच्या तरी पोराच्या जिवापेक्षा यांना आप्पांचा मान मोठा वाटतो? आणि मी तरी काय करत होतो? घोंगडी घेत होतो. वस्तीवरची पोरं गाडीच्या टपावर चढली होती. एक दिवस फोन लागणार नाही, मी मनात म्हटलं, आणि यातलं एखादं रस्त्यावर असेल. मग ही गाडी नाही, आप्पाच संपतील. ते नंतर एक दिवसही जगायचे नाहीत.

परत

निघताना मी मुद्दाम आधी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. आप्पा दाराशी येऊन नुसते उभे राहिले. सगळी वस्ती बघत होती. एवढ्या लोकांसमोर मला त्यांना ढकलता आलं नाही. मी उतरलो आणि माझ्या कडीला धरून बसलो.

ऊन कलायला लागलं होतं. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक वळण आहे. वळणावर डावीकडून मेंढरं रस्त्यावर येत होती. मला ती लांबूनच दिसली होती, मागे बिऱ्हाड लादलेली घोडी, आणि पुढे एक बाई, कडेवर कोकरू घेतलेली. मला वाटलं, आप्पा आता वेग कमी करतील. आप्पा मला सांगत होते, की मॉडेल बंद करायचा निर्णय ज्या कुणी घेतला त्याला डोकंच नव्हतं.

"आप्पा, थांबा!" मी किंचाळलो. ते "काहून?" म्हणेपर्यंत मी हँडब्रेक ओढला होता.

गाडी फरफटत तिरकी झाली आणि थांबली. मेंढरं उधळली. ती बाई डाव्या दिव्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं मागे पाऊलही टाकलं नव्हतं, तेवढा वेळच मिळाला नव्हता.

आप्पा माझ्यावर संतापून वळले. "चालत्या गाडीला असं..." आणि वळल्यामुळेच त्यांना ती काचेतून दिसली.

ती दाराशी आली. "डोळं फुटलं का रं?" तिनं मोठ्यानं सुरुवात केली, मग आत पांढरी टोपी पाहिली आणि आवाज उतरवला. "बाबा, एवढी वाटंत उभी मी. दिसले नाय व्हय तुमाला?"

आप्पा काहीतरी बोलतील, ब्रेकचं, हॉर्नचं, मेंढरांचं, अशी मी वाट पाहिली. 

"नाय दिसलीस, बाई," ते म्हणाले. "मला त्या अंगाचं दिसत नाय."

तिनं कोकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग काहून चालवता?" एवढंच विचारलं आणि मेंढरं गोळा करायला गेली. एवढंच विचारायला आम्हाला कुणालाच जमलं नव्हतं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले आणि पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. तिथं ते थांबले. मान पूर्ण वळवून, ज्योतीजवळ कागद धरावा तसा चेहरा पत्र्याजवळ नेऊन ते बघत होते, आणि ओरखड्यांवरून बोट फिरवत दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत गेले. ही बाजू त्यांनी कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती. परत येऊन दार ओढलं तर ते उघडेना. ते दार थोडं वर उचलून ओढावं लागतं, भिंतीला घासून त्याचा आकार गेलाय. हे सासूबाईंना माहीत होतं, मला माहीत झालं होतं. आप्पांना माहीत नव्हतं. मी आतून उघडून दिलं आणि सरकून त्यांच्या जागी बसलो.

मी गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग ते समोर बघत म्हणाले, "दोरी वडली तुमी."

"आप्पा, माफ करा, पण..."

"थँक्यू," आप्पा म्हणाले.

मला रस्ता दिसेना. मी गाडी थोडी कडेला घेऊन डोळे पुसले. तर लगेच, "मधेच काहून थांबले? घ्या, पहिला टाका. पहिला. आता दुसरा. क्लच पुरा दाबा की, कंपनीनं दिलाय तो दाबायलाच!" तिथपासून क्रांती चौकापर्यंत त्यांनी मला एकही गिअर माझ्या मनानं टाकू दिला नाही. मी वीस वर्षं गाडी चालवतोय. दौलताबादच्या वेशीत मात्र त्यांनी डोळे मिटले, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

पुंडलिकनगरात सासूबाई फाटकात होत्या. कोण कुठल्या सीटवरून उतरतंय हे त्यांनी पाहिलं, आणि आत गेल्या. रात्री ताटात ठेचा डावीकडे वाढलेला होता. "डावीकडं हाये बरं का," त्या म्हणाल्या. "व्हय," आप्पा म्हणाले आणि हातानं चाचपून घेतला.

सकाळी निघताना घोंगडी, ज्वारी आणि घड्याळ, सगळं माझ्याबरोबर होतं. दुसरी किल्ली सासूबाईंनी आदल्या रात्रीच माझ्या बॅगेत टाकली होती. रिक्षा दारात उभी होती. आप्पा आतून आले ते एका हातात नारळ आणि खांद्यावर नवा टॉवेल घेऊन. मला वाटलं, कुठल्या तरी देवाला निघालेत. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला आणि त्याच्यावर किल्ली ठेवली. गाडी इथंच राहील, मीच तिचा ड्रायव्हर, आणि पुढच्या रविवारी नानांच्या मुलीचं बघायला जायचं आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं.

"आप्पा, सांगलीहून इथं यायला रात्र जाते. शाळा असते. जमेल तसं येईन."

"जमंल तसं जावई येतो," आप्पा म्हणाले. "जावयाला उशीर झाला तर चालतंय, आमी वाट बघतो. ड्रायव्हरला नाय चालत."

रिक्षात बसल्या बसल्या मनीषाचा फोन आला. किल्ली घेतली का, तिनं विचारलं. घेतली म्हणालो. तिचा हुंदका ऐकू आला. मी नारळ मांडीत धरून बसलो होतो, आणि बसस्थानकावर उतरल्यावर सगळ्यात आधी रविवारी सकाळी पोचणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं.